फाटका वेष आणि हसरे गाणे

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली आणि स्नेहसंमेलनाची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. नववीतील तीन विद्यार्थी मधल्या सुटीत आमच्याकडे आले. एकाच्या हाती वडिलांचा मोबाइल होता आणि त्याच्या मागोमाग वडीलही होते. मुलाच्या काळजीने की मोबाइलच्या, हे आम्ही विचारले नाही. "सर, हे गानं आमाले सम्मेलनात म्हनू द्या," अशी मुलांची विनंती होती. गाणे इंग्रजी होते. कोणी तीन तरुण गिटार व ढोल बडवीत, उधळलेल्या बैलाच्या वेगाने, सर्कशीतून निघून जाणाऱ्या एका हत्तिणीची कथा ओरडून सांगत होते. गाणे संपल्यावर क्षणभर कोणीच बोलेना. मग वडिलांनी आम्हास विचारले, "मास्तर, हे गानं हाये का भांडन?"

आम्ही मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्याच कॉलेजात पदवी घेतली आणि लहानपणापासून पेटीच्या सुरावर म्हटलेली उपासनागीते ऐकत आलो. त्या क्षणी आमचेही मत त्या गृहस्थांच्याच बाजूचे होते. परंतु मुलांच्या तोंडावरचे हसू पाहून नाही म्हणणे जिवावर आले व आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ह्या आठ दिवसांत जे वाचले, ऐकले व आठवले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या संगीतास 'पंक' असे म्हणतात. १९७६ साली लंडन शहरी त्याचा गाजावाजा झाला. तो काळ इंग्लंडात बेकारीचा होता. शाळा सोडलेल्या मुलांस काम मिळेना, आणि त्या वेळचे नामांकित गवय्ये तर मोठमोठी यंत्रे, झगमगीत पोशाख व अर्धा अर्धा तास चालणारी वादने घेऊन रंगमंचावर उभे राहत. गरिबाच्या मुलाने त्यांच्याकडे नुसते पाहत बसावे, अशी ती स्थिती. तेव्हा काही मुलांनी असे ठरविले की, वाद्य येत नसले तरी चालेल, गळा नसला तरी चालेल. गाणे दोनतीन मिनिटांचे करावे आणि आपले म्हणणे आपणच म्हणावे. १९७७ च्या आरंभी एका घरगुती मासिकात गिटारीवरील तीन स्वरमेळांची आकृती काढून खाली असा मजकूर घातला होता की, एवढे शिकलात ना, आता आपला ताफा उभा करा. ह्या मुलांचा वेषही त्यांच्या गाण्यासारखाच होता. सदरे फाटलेले, केस वेडेवाकडे कापलेले आणि फाटक्या कपड्यांस, क्वचित कानासही, टाचणीसारखी बंद होणारी पिन अडकविलेली. पुष्कळांची गाणी संतापाची होती. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, म्हणजे १९७७ साली, 'सेक्स पिस्टल्स' नामक ताफ्याने राणीवरच गाणे केले व बी.बी.सी.ने ते वाजविण्याचे नाकारले.

परंतु संताप फार दिवस टिकत नाही. तो टिकवून धरू म्हटले तर त्याचे सोंग होते. पंकचेही थोडेबहुत तसेच झाले. गाणारा जो तो कपाळास आठ्या घालून जगाचा नाश होणार असे सांगू लागला, तेव्हा त्याच मुलांमधून काहींना हसू फुटले. ह्या हसऱ्या शाखेस 'साउंड्स' नावाच्या साप्ताहिकातील गॅरी बुशेल ह्या लेखकाने 'पंक पथेटिक' असे नाव दिले. पथेटिक म्हणजे केविलवाणे. नाव थट्टेचे होते आणि ज्यांस दिले त्यांनी ते खुशीने घेतले, ह्यातच त्या शाखेचा स्वभाव दिसून येतो.

तिच्यातील एकदोन गाण्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७८ साली ग्रॅहॅम फेलोज ह्या नाट्यशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने 'जिल्टेड जॉन' असे सोंग घेऊन एक गाणे गायिले. प्रेयसी दुसऱ्याबरोबर निघून गेलेला एक बावळट मुलगा त्यात आपली कर्मकथा रडत सांगतो. प्रेमभंगाची गाणी जगात कमी नाहीत; पण ह्या नायकास मोठेपणाने रडताही येत नाही, आणि ऐकणारा हसता हसता त्याचा कैवार घेऊ लागतो. ते गाणे इंग्लंडातील विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. पुढे १९८० साली 'स्प्लॉजनेसअबाउंड्स' असे जिभेची कसरत करावयास लावणारे नाव घेतलेल्या ताफ्याचे एक गाणे सातव्या क्रमांकावर पोहोचले. गुत्ता बंद होण्याच्या वेळी एक मनुष्य दोन पेले बिअर व बटाट्याच्या कापांची एक पुडी मागतो आहे आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, एवढाच त्यातील प्रसंग. जवळजवळ तेच एक वाक्य तो पुन्हा पुन्हा ओरडतो. मद्यपानाविषयी आमचे मत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, ते येथे पुन्हा सांगत नाही. परंतु तहसील कचेरीच्या खिडकीपुढे ज्याने एकदा उभे राहून पाहिले आहे, त्यास ह्या गाण्यातील विनोद आम्ही समजावून देण्याची गरज नाही.

मुलांनी आणलेले हत्तिणीचे गाणे 'टॉय डॉल्स' ह्या ताफ्याचे. हा ताफा इंग्लंडच्या उत्तरेकडील सन्डरलंड ह्या जहाजबांधणीच्या गावी १९७९ साली निघाला. गाणे मात्र त्यांचे नव्हे. ते १९५६ सालचे मुलांचे गाणे आहे, आणि तेथील कित्येक पिढ्या ते म्हणत वाढल्या. टॉय डॉल्सनी त्यास दुप्पट वेग दिला, आणि १९८४ च्या नाताळात ते चौथ्या क्रमांकावर गेले. जाता जाता एक गंमत. मूळ गाण्याच्या ठेक्यावर, हृदय बंद पडलेल्या मनुष्याची छाती दाबण्याचा वेग बरोबर साधतो, म्हणून इंग्लंडात प्रथमोपचार शिकविताना ते मनात म्हणावयास सांगत असत. २००९ साली काही डॉक्टरांनी त्याची परीक्षा केली, तेव्हा असे आढळले की वेग साधतो खरा, पण छाती पुरेशी खोल दाबली जात नाही. गाण्याकडून किती काम घ्यावे ह्यासही मर्यादा आहेतच.

असो. ह्या शाखेतील सगळेच काही ऐकण्याजोगे आहे असे नाही. पुष्कळ गाणी निव्वळ ग्राम्य आहेत व ती आम्ही अर्ध्यावर बंद केली. परंतु जी चांगली आहेत त्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. त्यांतील गाणारा पहिला हसतो तो स्वतःस. आपला गळा बरा नाही, कपडा धड नाही, खिशात दमडी नाही, आपल्याकडे कोणी पाहत नाही, हे तो आधीच सांगून टाकतो. मग ऐकणाऱ्यास त्याच्यापासून लपविण्यासारखे काही उरत नाही, आणि तो मोकळेपणी आपल्यावरही हसून घेतो. हे ध्यानी आले तेव्हा आम्हास लंडन सोडून एकदम आपल्या पूर्णेच्या काठी यावे लागले. कारण फाटका सदरा, कानात अडकविलेली भलतीच वस्तू, हाती वाद्याच्या नावाने काहीही आणि तोंडी लोकांस हसवून त्यांचीच फजिती करणारे गाणे, हे सर्व वर्णन वाचून वऱ्हाडातील कोणत्या मनुष्यास गाडगेबाबांची आठवण होणार नाही?

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. आई सखुबाई त्यांस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे ह्या गावी भावाकडे जाऊन राहिली. तेथे डेबूजींनी गुरे राखली व शेत केले. शाळेचे तोंड त्यांस पाहावयास मिळाले नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले, आणि तेथून पुढे एकावन्न वर्षे ते चालत राहिले. अंगावर चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, हाती मडक्याचा फुटका अर्धा भाग, म्हणजे गाडगे. त्यातच खावे व त्यातूनच प्यावे. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लंडनच्या मुलांनी कानात पिन अडकविण्यास अजून सत्तर वर्षे अवकाश होता.

कोणी म्हणेल की, कोठे ते संत आणि कोठे हे पोरकट ताफे. ही तुलना शोभत नाही. ती जेथे शोभत नाही ती जागा आम्ही पुढे दाखवितोच. परंतु वेषापुरती ती खरी आहे. दोन्ही ठिकाणी फाटका वेष मुद्दाम धारण केलेला आहे, व दोन्ही ठिकाणी तो पाहणाऱ्यास विचारतो की, तुम्ही मनुष्यास मान देता की त्याच्या कापडास?

बाबांचा दिनक्रम असा असे. गावात शिरावे ते हाती खराटा घेऊनच. लोकांस वाटावे, कोणी वेडा आला. दिवसभर गटारे व रस्ते झाडावे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन करावे. ते कीर्तन शास्त्रोक्त हरिदासांच्या कीर्तनासारखे नसे. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, तबला नाही, भरजरी उपरणे नाही. आरंभीच्या काळात टाळांऐवजी ते दोन दगडच एकमेकांवर वाजवीत, असे सांगतात. भाषा शेतकऱ्याची, चोख वऱ्हाडी. मध्येच ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि श्रोते ओरडून उत्तर देत. त्या उत्तरातच श्रोता सापडे. लग्नासाठी कर्ज काढले काय? काढले. फेडले काय? सभेत हशा पिके, आणि हसता हसता प्रत्येक जण आपल्या सावकाराचा चेहरा आठवी. नवसास बकरे कापणे, तेराव्यास घर विकून पंगत घालणे, दारू, अस्वच्छता, शिवाशीव, आणि मुलास शाळेत न घालणे, हे त्यांचे ठरलेले विषय असत. जेवणाचे ताट मोडा, पण मुलास शिकवा, अशा अर्थाचा त्यांचा उपदेश आपल्या भागात आजही घरोघर माहीत आहे, आणि तो करणारा मनुष्य स्वतः निरक्षर होता.

एक गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. नदीवर काही लोक पितरांस पाणी देत होते. बाबाही पाण्यात उतरले आणि ओंजळीने काठावर पाणी उडवू लागले. हे काय चालविले आहे, असे विचारता ते म्हणाले की, वऱ्हाडातील माझ्या मळ्यास पाणी देतो आहे. लोक हसले; तेव्हा बाबांनी विचारले की, तुमचे पाणी स्वर्गापर्यंत पोहोचते तर माझे वऱ्हाडापर्यंत का पोहोचू नये? हीच गोष्ट पंजाबात गुरू नानकांविषयी सांगतात. ती दोघांच्याही नावावर शोभते ह्याचे कारण तिच्यातील रीत. बाबा कोणास मूर्ख म्हणाले नाहीत. ते आधी स्वतः मूर्ख झाले. पाण्यात उभे राहून भर लोकांत वेडेपणा केला, आणि हसण्याचे काम लोकांवर सोपविले.

ऋणमोचनची यात्रा आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. पौष महिन्यात रविवारी पूर्णेच्या तीरी ती भरते. तेथे उतरण्याची वाट चिखलाची होती; म्हाताऱ्या बायका घसरून पडत. डेबूजींनी स्वतः कुदळफावडे घेऊन ती नीट केली आणि पुढे तेथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील त्यांच्या धर्मशाळा तर सर्वविश्रुतच आहेत. ह्या सर्वांचा पैसा कीर्तनांमुळे जमला, आणि त्यातील एक पैसा त्यांनी स्वतःस लावला नाही. पाया पडू देत नसत. आता हशा आणि धर्मशाळा ह्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या समजुतीने तो असा की, ज्याच्यावर आपण मोकळेपणी हसलो आणि ज्याने आपल्यास हसविले, त्याच्या हाती पैसा देताना मनुष्यास शंका येत नाही.

ही हसवणूक दुःख न पाहिलेल्या मनुष्याची होती असे मात्र कोणी समजू नये. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. ती वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबले नाही. ज्या जागी विलायती ताफे आणि आपले बाबा ह्यांची तुलना संपते, ती जागा ही होय. त्या मुलांचे केविलवाणेपण सोंगाचे होते, रात्री घरी जाऊन उतरवून ठेवण्याजोगे. बाबांनी वेष धारण केला तो मरेपर्यंत उतरविला नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे त्यांचे एक कीर्तन झाले, ते सुदैवाने ध्वनिमुद्रित झालेले आहे; त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीस येत असता वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. निरक्षर मनुष्याच्या नावाच्या पदव्या आपली मुले घेतात, ह्यावर खुद्द बाबांनी कीर्तनात काय म्हटले असते, त्याची कल्पना करून आम्ही कधी कधी एकटेच हसतो.

बाबांनी ही रीत काही नव्याने काढली नाही. सोळाव्या शतकात पैठणास एकनाथांनी भारुडे रचली. ती सुमारे ३०० आहेत. नाथ मोठे विद्वान, भागवतावर टीका लिहिणारे. परंतु भारुडात ते कधी जोशी होतात, कधी गोंधळी, कधी आंधळा, कधी नवऱ्यास कंटाळलेली बाई, तर कधी विंचू चावलेला मनुष्य. विंचू म्हणजे काम आणि क्रोध हे शेवटी कळते. तोपर्यंत श्रोता त्या मनुष्याच्या उड्या पाहून हसत असतो. उच्च कुळात जन्मलेल्या पंडिताने गावकुसाबाहेरच्या मनुष्याच्या तोंडून ज्ञान सांगावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. विदर्भातील खडी गंमत हाही त्याच गोतातील प्रकार. उभ्याने होणारा खेळ, ढोलकीचा कडकडाट, पुरुषांनीच घेतलेली स्त्रियांची सोंगे व रात्रभर सवालजबाब. त्यातील कित्येक भाग मुलांपुढे मांडण्याजोगा नाही हे खरे, म्हणून येथेच थांबतो.

आणि आपल्या घरच्या मुली? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, सासूची, नणंदेची, रुसून बसलेल्या सुनेची गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात खाऊ कोणता आहे ते ओळखावयास लावतात. ती गाणी कोणी संगीततज्ज्ञाने तपासली तर सूर नाही, ताल ओढूनताणून, आणि अर्थ मध्येच झाडावर चढून बसतो. परंतु ज्या सुनेस वर्षभर सासूपुढे तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तिने माहेरी येऊन महिनाभर तिच्यावर गाणे म्हणावे, आणि गावातील सासवांनी ते ऐकून खाऊ द्यावा, ही व्यवस्था कोणी योजिली असेल त्या बाईस आमचा नमस्कार. आमच्या समाजातील मुली शेजारणींबरोबर ही गाणी म्हणत मोठ्या झाल्या. त्यास कोणी पाळकसाहेबांनी हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या समाजाचा विषय निघालाच आहे, तर एक कबूल करणे प्राप्त आहे. उपासनामंदिरात हसणे हे आम्हास पापाच्या जवळपासचे वाटते. परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहावे. कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलीया बआलाच्या पुजाऱ्यांची उघड थट्टा करतो की, तुमचा देव झोपला असेल, मोठ्याने हाका मारा. प्रभू येशूने उंटास सुईच्या नेढ्यापुढे उभे केले. आणि भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्यास स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दाखविले. गालीलातील ते ऐकणारे शेतकरी व कोळी गंभीर चेहऱ्याने बसून राहिले असतील, हे आम्हास तरी पटत नाही. शिवाय लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्याच घरातील आहेत. त्यांत लक्ष्मीबाई सर्वांहून अधिक कोणावर हसल्या असतील तर त्या स्वतःवर, आणि त्याखालोखाल टिळकांवर. गाडगेबाबा आमच्या दारी खराटा घेऊन आले असते तर आमच्या लग्नांतील बँडबाजा व त्यासाठी पतपेढीतून काढलेले कर्ज त्यांच्या नजरेतून सुटले नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे आम्हास विशेषेकरून वाटले, ती सांगतो. हसणे दोन प्रकारचे आहे आणि त्यांतील दुसरा प्रकार आपल्या मुलांच्या वाट्यास फार येतो. नाटकात किंवा चित्रपटात वऱ्हाडी बोलणारा मनुष्य आला की तो पुष्कळदा नोकर किंवा गबाळा असावयाचा. त्याने 'काहून' म्हटले की प्रेक्षक हसणार, मग त्याचे म्हणणे कितीही शहाणपणाचे असो. लक्ष्मण देशपांडे ह्यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे एकपात्री नाटक प्रसिद्ध आहे. एकाच मनुष्याने ५२ पात्रे उभी करावी हे कौशल्य विरळाच. त्यातील वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, आपला प्रांत नव्हे, आणि बोलीही मराठवाड्याची आहे. तरी पुण्यामुंबईकडे आपण वऱ्हाडचे म्हणून सांगितले की समोरचा मनुष्य ते नाव घेऊन हसतो, असा अनुभव कित्येकांचा असेल.

आमचाही आहे. शिक्षकाचे शिक्षण घेत असता, एका अध्यापकांनी आमचा नमुना-पाठ मध्येच थांबवून, 'मले' हा आमच्या तोंडून निसटलेला शब्द चाळीस जणांपुढे तीनदा म्हणून दाखविला. वर्ग हसला. आम्हीही हसलो, कारण दुसरे काही करता येईना. त्यानंतर दोन वर्षे आम्ही वर्गात हात वर केला नाही. पुढे लीळाचरित्र अभ्यासास लागले, तेव्हा कळले की मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हाइंभटाने आपल्या जिल्ह्यातील रिद्धपुरास बसून तेराव्या शतकात सिद्ध केला. त्या वर्गात हे ठाऊक असते तर बरे झाले असते.

अध्यापकांचे ते हसणे आणि बाबांच्या कीर्तनातील हसणे कानास सारखेच ऐकू येते. भेद इतकाच की एकात हसविणारा उंचावर उभा असतो, दुसऱ्यात तो आधीच खाली चिखलात उतरलेला असतो. ही कसोटी हाती आल्यावर आम्ही मुलांस बोलाविले आणि सांगितले की, हत्तिणीचे गाणे तुम्ही घरी खुशाल ऐका. येथे तुम्ही स्वतःचे करा, वऱ्हाडीत करा, आणि पहिल्या कडव्यात स्वतःवर हसा.

त्यांनी 'मोबाइलचे भूत' नावाचे भारूड रचले. पहिला मसुदा आला तो चांगलाच खटकेबाज होता, पण त्यात शाळेतील एका सेवकाच्या अडखळत्या बोलण्यावर एक कडवे होते. ते आम्ही काढावयास लावले. मुले रुसली. "सर, त्याच्यातच तर मज्या हाये," असे एक जण म्हणाला. आम्ही त्यास आमच्या 'मले'ची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्या जागी नवे कडवे आले, त्यात तीन विद्यार्थी गणिताच्या तासास बाकाखाली मोबाइल पाहताना सापडतात व तिघेही पाढे विसरतात. त्याच्याच पुढे आणखी एक कडवे होते. त्यात वर्गावर येणारे एक मास्तर होते. ते पावसाळा नसतानाही छत्री घेऊन हिंडतात आणि कोणताही धडा अर्ध्यावर आला की 'असो' म्हणून पुढे सरकतात. हे मास्तर कोण, हे आम्हास कोणी सांगितले नाही. ते कडवे ठेवावे की काढावे, ह्याचा निर्णय आम्ही एक रात्र लांबणीवर टाकला, हे प्रांजळपणे नमूद करतो.

तालमीस ढोलकी मिळाली नाही. तेव्हा त्या मोबाइलवाल्या मुलाचे आजोबा एके दिवशी संध्याकाळी आले, कवेलूच्या दोन खापऱ्या बरोबर घेऊन. त्या दोन बोटांच्या फटीत धरून कशा वाजवाव्यात ते त्यांनी मुलांस दाखविले आणि ठेका बसेपर्यंत दीड तास समोर बसून राहिले.

संमेलनाच्या दिवशी भारूड शेवटून दुसरे होते. पहिल्या ओळीस थोडे हसू आले, तिसऱ्या कडव्यास मांडव हलला. छत्रीचे कडवे आले तेव्हा मुलांनी शेवटचा शब्द मुद्दाम गाळला आणि तो संपूर्ण मांडवाने म्हटला. पहिल्या रांगेतून ज्यांचा आवाज सर्वांत मोठा आला ते, गाणे आहे की भांडण असे आम्हास विचारणारे गृहस्थ होते. तेव्हापासून मधल्या सुटीत व्हरांड्यातून जाताना आमच्या पाठीमागून तो शब्द ऐकू येतो. असो.